बाईंच्या नावाची बेडकी

शिडीवर उभा राहून गार हवेच्या नळाला पट्टी गुंडाळत असताना मिस्त्रीच्या कानावर ते पडलं, आणि पट्टीचं टोक तसंच हातात लोंबत राहिलं. खाली मिशी कुणा पाहुण्यांना फिरवत होता. मिशी म्हणजे संग्रहालयाच्या त्या तळघराचा राखणदार. ओठावरचं झुडूप एवढं की चालताना मिशी पुढे आणि माणूस मागे. पाहुण्यांना सापांच्या बरण्या दाखवून झाल्या, बिनडोळ्यांचा मासा दाखवून झाला, आणि मग काचेच्या कपाटापाशी येऊन तो असा थांबला की जसा काही आता पडदाच वर जाणार. "आणि ही बघा, आपल्या बाईंच्या नावाची बेडकी." एक पाहुणी म्हणाली, "अय्या, बाईंनी शोधली?" "छे हो. शोधली एका साहेबानं. नाव ठेवलं बाईंचं. ह्या लोकांत आपलं नाव आपणच ठेवायची चाल नाही. दुसऱ्या कुणीतरी ठेवावं लागतं. मानानं म्हणा, मायेनं म्हणा." आणि मिशी हसला. त्या 'मायेनं'वर जरा जास्तच हसला असं शिडीवरच्या माणसाला वाटलं. हसला असेल, नसेलही. मिशीखालचं हसू कुणाला दिसतंय?

आता ह्या बाई म्हणजे बेडकांच्या विभागाच्या मुख्य, आणि मिस्त्रीची लग्नाची बायको. हे जोडपं कसं जमलं ते संग्रहालयात अजून कुणाला उलगडलेलं नाही, आणि खरं विचाराल तर मिस्त्रीलाही नाही. ती एवढी शिकलेली, परदेशातून लोक तिला विचारायला येतात, आणि हा गार हवेची यंत्रं दुरुस्त करणारा, शाळेशी ज्याचं लहानपणीच वाजलं तो. ते तळघर म्हणजे मेलेल्यांचं गाव होतं. जगातल्या कुठल्या कुठल्या नद्यांतले मासे, वाळवंटातले सरडे, गुंडाळी करून बसवलेले साप, आणि बेडूक, बेडूक, बेडूक, सगळे काचेच्या बरण्यांत स्पिरिटमध्ये उभे. गारवा गेला की स्पिरिट उडतं, स्पिरिट उडालं की आतला जिन्नस सुकून कोळसा. म्हणून तिथं मिस्त्री लागतो. पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं चारी बाजूंना बघून विचारलं होतं, "एवढी दारू ह्यांना पाजता, आणि माणसाला चहासुद्धा नाही?" बेडकांच्या टेबलामागून एक मुलगी खळखळून हसली होती. तिनं चहा आणला. काचेच्या मापात आणला, आणि म्हणाली, "घाबरू नका, धुतलंय." तो चहा मिस्त्री अजून पितो आहे असं म्हणायला हरकत नाही. पुढे लग्न झालं, संसार लागला, आणि ती त्याला तेव्हा 'मिस्त्री' म्हणायची ती पुढेही मिस्त्रीच म्हणत राहिली. "मिस्त्री, दूध उतू जातंय." "मिस्त्री, झोपलास का?" आजवर त्याला ते गोड लागायचं. त्या दिवशी शिडीवर पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की हिच्या तोंडात आपल्याला नावच नाही, आपला धंदा आहे. आणि तिचं नाव मात्र एका बेडकीला आहे, जगात सगळीकडे, कायमचं.

पाहुणे गेल्यावर तो खाली उतरला. उगाच पान्हा पुसत म्हणाला, "कोण रे तो साहेब?" "कुठला?" "बेडकीवाला." "तो होय! दाढी. तू यायच्या आधीचा. लई हुशार माणूस. बाई तेव्हा नव्या होत्या, दोघं मिळून रानात जायचे, चिखलात कमरेएवढं उभं राहायचे, डोक्याला बत्ती बांधून. त्यात ही गावली. एकच गावली, पुन्हा कधी कुणाला दिसली नाही. मग तो गेला परदेशी, तिकडच्या मोठ्या संग्रहालयात." मिशीनं काचेवर बोट टेकवलं. "बघितलीस ती लाल फीत? लाल फीत म्हणजे राजा. नाव पहिल्यांदा जिच्यावरून ठेवलं तीच ही. उद्या असल्या बेडक्या ढिगानं सापडल्या तरी खरी ही. बाकीच्यांनी हिच्याशी जुळवून घ्यायचं." मिस्त्री म्हणाला, "आणि नाव बदलायचं म्हटलं तर?" "नाव? अरे, एकदा ठेवलं की ठेवलं. ह्यांचा कायदाच आहे, पहिलं नाव खरं. जो पहिला आला, त्याचं चालतं. मागून आलेल्यानं कितीही डोकं आपटलं तरी." मिशी आपल्या खुर्चीकडे गेला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत की आपण एका माणसाच्या पोटात काय टाकून चाललो.

मिस्त्री कपाटासमोर उभा राहिला. बेडकी म्हणजे केवढी, अंगठ्याएवढी. रंग गेलेला, चहात बुडवून काढलेल्या कागदासारखी. हात पुढे टेकलेले, मागचे पाय दुमडलेले, बोटांमधला पातळ पडदा दिव्यात जाळीसारखा दिसत होता. तोंड मिटलेलं, पण मिटलेल्या तोंडातही एक प्रकारचा आगाऊपणा, जसं काही तिला ठाऊक होतं की समोर कोण उभं आहे. गळ्याशी दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, आणि चिठ्ठीवर परक्या लिपीत काहीतरी. त्यातलं बायकोचं नाव मात्र त्याला लागलं. शेवटी दोन अक्षरं जास्तीची होती. बेडकीला शेपूट नसतं, पण नावाला लावून दिलं होतं. कुणावर कुणी जळत असलं की लोक म्हणतात, हा त्याला पाण्यात बघतो. मिस्त्री आता स्पिरिटमध्ये बघत होता.

त्या संध्याकाळी ती घरी आली, मोरीवर हात धुऊ लागली. रोजचंच. कितीही धुतले तरी तिच्या हातांना तो वास राहायचाच, गोडसर, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा. लग्नाच्या सुरुवातीला तो त्या वासावर जीव टाकायचा. म्हणायचा, तू कधी खराब नाही व्हायचीस, मुरवून ठेवलेली आहेस. आज तोच वास त्याला दुसऱ्याच्या घरातून आल्यासारखा वाटला. विचारावं, असं दहादा ओठांवर आलं. साधी गोष्ट. अगं, तुझ्या नावाची बेडकी आहे म्हणे, कधी बोलली नाहीस? पण एवढी साधी गोष्ट असती तर तिनंच नसती का सांगितली? तीसुद्धा हसत, चहाचं सांगते तशी? इतकी वर्षं एका ताटात जेवलो, दुखलंखुपलं एकमेकांचं काढलं, दाताच्या डॉक्टरकडे हात धरून नेलं, आणि एवढी मोठी गोष्ट हिच्या तोंडून निसटली नाही म्हणजे ती धरून ठेवलेली आहे. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. "काय झालं मिस्त्री? चेहरा का असा?" "काही नाही. गॅस गळतोय." "कुठे?" "कामावर." ती म्हणाली, "मग तू शोधशीलच," आणि कोयरीएवढा चेंडू करून ओला रुमाल त्याच्यावर फेकला. पूर्वी त्यानं तो झेलून परत फेकला असता. त्या दिवशी तो रुमाल त्याच्या मांडीवरच पडून राहिला, पँट भिजवत.

ही पहिलेपणाची खोड त्याची जुनी. थोरला भाऊ, दादा, घरात आधी आलेला. आईला ह्याला हाक मारायची असली तरी तोंडातून आधी दादाचंच नाव निघायचं, मग जीभ चावून ह्याचं. मेली तेव्हाही तसंच. हा उशाशी बसलेला, दादा दुसऱ्या गावी, आणि तिनं डोळे उघडून ह्याच्याकडे बघत दादाचं नाव घेतलं. ह्या वेळी जीभ चावायला सवडच मिळाली नाही. हा 'ओ' म्हणाला. काय करणार? दुसऱ्याच्या नावाला ओ द्यायची सवय असलेल्या माणसाला एकदा कुणीतरी भेटलं होतं की जिच्याकडे तो पहिला होता. असं तो समजून चालला होता. तिनं कधी तसं म्हटलं नव्हतं, ह्यानं कधी विचारलं नव्हतं. आणि आता मिशी म्हणतो, पहिलं नाव खरं. मागून आलेल्यानं कितीही डोकं आपटलं तरी. यंत्राच्या पेटीत डोकं घालून बसला असला तरी ते वाक्य आतल्या पंख्यासारखं फिरायचं. रस्त्यानं दाढीवाला दिसला की ह्याची मान वळायची. बसमध्ये एक म्हातारा दाढीवाला शेजारी बसला तर हा उठून उभा राहिला, आणि तो म्हातारा म्हणाला, "बसा हो, मी चावत नाही."

त्यात पार्सलं येऊ लागली. म्हणजे आधीपासूनच येत असतील, पण आता ती ह्याला दिसू लागली. परदेशची तिकिटं, जाड खोका, आत पिशवीत पिशवी, आणि सगळ्यात आत ओल्या मलमलीत गुंडाळलेला बेडूक, तान्ह्या पोराला गुंडाळावं तसा. एका संग्रहालयानं दुसऱ्याला उसने द्यायची ह्यांच्यात पद्धत आहे, बघून झालं की परत पाठवायचे. मिस्त्री पंख्याची पाती पुसत बघत राहायचा. ती मलमल उलगडताना बायकोचा चेहरा असा व्हायचा की लग्नातले फोटो काढून बघितले तरी त्यात तो सापडला नसता. ओठ जरा उघडे, श्वास धरलेला. बोटाच्या टोकानं बेडकाचा पाय ताणायची, भिंगातून बघायची, आणि हसायची. कुणाकडे बघून हसतेस बाई? जो मेला तो बेडूक आहे, पण जो पाठवतो तो जिवंत आहे ना? एकदा त्यानं न राहवून विचारलंच, "कुठून आलं?" तिनं एका शहराचं नाव सांगितलं, वर न बघता. "तिथं कोण आहे तुझं?" "बेडूक," ती म्हणाली. आता हे उत्तर खरं होतं. पण जळणाऱ्या माणसाला खरं उत्तर चटका देतं आणि खोटंही देतं. त्याला कशानंच गारवा मिळत नाही, मग तो गारव्याचा मिस्त्री का असेना.

आक्काला, म्हणजे थोरल्या बहिणीला, त्यानं फोनवर अर्धंमुर्धं सांगितलं. आक्का पलीकडून एवढी हसली की शेवटी तिला खोकला लागला. "अरे, माझ्या नवऱ्यानं मला उभ्या जन्मात बेडकी म्हटलं नाही, म्हैस म्हटलं! तुझ्या बायकोला कुणी बेडकी म्हटलं म्हणून रडतोस?" "म्हटलं नाही आक्का, नाव ठेवलंय." "नावं ठेवायला काय, मीही ठेवते. विचार की सरळ तिला." "आणि ती हो म्हणाली तर?" मग आक्का म्हणाली, "तर काय? तू यायच्या आधीचं असेल ना ते? आधीच्याचा हिशोब मागून आलेल्यानं मागू नये, बाबा. बेडकी फुगून फुगून काय होते ते ठाऊक आहे ना? फुटते." त्यानं फोन ठेवला. आक्काचं पटलं होतं. पटलं आणि उतरलं ह्यात फरक असतो. गोळी पटते, पण घशातून उतरत नाही, तसं.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा काचेच्या कपाटामागचा नळ घाम सोडायला लागला. कपाट सरकवल्याशिवाय हात पोचेना. राजांचं कपाट, किल्ली बाईंकडे. ती स्वतः आली, कपाट उघडलं, आणि दोघांनी बरण्या काढून चाकांच्या गाडीवर ठेवायचं ठरवलं. ती काढणार, हा ठेवणार. खरं सांगायचं तर मिस्त्रीला ती वेळ आवडली. कितीतरी दिवसांनी दोघं एक काम करत होते. "हळू हं, हे सगळे राजे आहेत." "राजांना नमस्कार करू का एकेकाला?" "कर की. हा साप तुझ्या आजोबांपेक्षा मोठा आहे." "विषारी?" "आता कुणाला चावणार? तूच चाव त्याला." दोघं हसले. बरणीमागून बरणी. आणि मग तिच्या हातात ती आली. लाल फीत. मिस्त्रीनं हात पुढे केले आणि वाट बघितली. आता सांगेल. आता सांगायला हरकत काय, जिन्नस हातात आहे, मी समोर आहे, हसणं अजून ओठांवर आहे. तिनं बरणी दिव्यासमोर धरली, एक डोळा मिटून बोटांमधला पडदा बघितला, जरा जास्तच वेळ बघितला, आणि बरणी त्याच्या हातात दिली. "हिला सांभाळून," एवढंच म्हणाली. मग पुढची काढायला वळली.

हिला सांभाळून. बाकीच्यांना हळू, आणि हिला सांभाळून.

मिस्त्री गाडीकडे वळला. त्याची पाठ तिच्याकडे, तिची पाठ त्याच्याकडे. झाकण आट्याचं होतं, आत रबराची कडी. आता ह्या माणसाचा सगळा जन्म गळती बंद करण्यात गेलेला. कुठून गॅस सुटतो ते त्याला नाकानं कळायचं, कानानं कळायचं, डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळायचं. झाकण किती घट्ट म्हणजे पुरे, हे त्याच्या मनगटाला त्याला न विचारता ठाऊक होतं. त्याच मनगटानं ते झाकण उलटं फिरवलं. जरासंच. बघणाऱ्याला दिसणार नाही, बरणी कलली तर सांडणार नाही, पण श्वास जाईल एवढं. त्यानं ठरवून केलं असं म्हणता येत नाही. चुकून झालं असं तर मुळीच म्हणता येत नाही. कानामागे डास बसला की हात जातो, तसा हात गेला. मग नळाचं काम झालं, कपाट जागेवर गेलं, बरण्या जागेवर गेल्या. तिनं कुलूप लावलं आणि म्हणाली, "मिस्त्री, तू नसतास तर आम्ही सगळे सुकलो असतो." त्याला वाटलं, आपल्या तोंडाला कडू का लागतंय? पितळी पान्हा दातात धरला होता, म्हणून असेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती परदेशी निघाली. दुसऱ्या एका संग्रहालयात काही जुने बेडूक बघायचे होते. "मागव की टपालानं, बाकीचे मागवतेस तसे." "हे नाही पाठवत कुणी. लाल फितीचे आहेत. आपणच जायचं असतं." पिशवी भरताना ती गुणगुणत होती. भिंग रुमालात गुंडाळलं, रुमाल मोज्यात घातला. ह्यानं विचारलं, "दाढी तिथंच आहे का?" हे कसं तोंडातून गेलं ते कळलंच नाही. तिनं मान वर केली. "दाढी? तुला दाढी कुठून माहीत?" "मिशी बोलत होता." "तो कुठे असतो देव जाणे," ती म्हणाली आणि पुन्हा मोजे कोंबायला लागली. चेहऱ्यावर काही नाही. ना लाजली, ना दचकली. एवढं काहीच नसणं हेच त्याला संशयाचं वाटलं. स्टेशनावर तिनं त्याच्या गालाला हात लावला, हाताला तोच वास, आणि विमानतळाच्या शहराकडे जाणारी गाडी सुटली.

मग घर मोठं झालं. एकट्या माणसाला नळाचं टपटपणंसुद्धा कुणाच्यातरी बोलण्यासारखं वाटतं. रोज कामाच्या फेरीत तो तळघरात एक चक्कर टाकायचा. काचेच्या कपाटाला कुलूप, पण काचेला कुठे कुलूप असतं? आतलं दिसायचं. बेडकीच्या डोक्यावरचं स्पिरिट नखभर उतरलं. मग बोटाच्या पेराएवढं. इतर बरण्यांत जसंच्या तसं. त्याला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या, आणि त्या गुदगुल्यांची किळसही आली. एकच हाक मारायची होती, "मिशी, ती बरणी कमी झालीय रे, ऑफिसातून दुसरी किल्ली आण." जीभ उचलायची खोटी. रोज तो ठरवायचा, आज सांगू. रोज तिचा फोन यायचा, आवाजात असा आनंद की जसं काही नवीन लग्न झालंय. "मिस्त्री, आज काय बघितलं सांगू तुला! नको, आल्यावर सांगेन. आल्यावरच सांगायची गोष्ट आहे." काय सांगणार आहेस आल्यावर? कुणाचं काय सांगणार आहेस? आणि दुसऱ्या दिवशीही त्याची जीभ उचलायची नाही. ऊन वाढलं. मोठं यंत्र एका दुपारी गचके देऊन बंद पडलं, सुटा भाग बाहेरून मागवावा लागला, तळघर कोमट झालं. त्यानं जीव तोडून काम केलं, पंखे लावले, बर्फाच्या लाद्या ठेवल्या, मिशीनं आणि त्यानं मिळून बाकीच्या सगळ्या खोल्यांतल्या बरण्यांना ओली फडकी बांधली. माशांसाठी, सापांसाठी, सरड्यांसाठी हा माणूस घामानं न्हाला. आणि काचेच्या कपाटासमोरून जाताना मान दुसरीकडे वळवायचा. भाग आला, गारवा आला, तोवर बेडकीचे गुडघे हवेत उघडे पडले होते. मग पाठ. मग ती बरणीच्या तळाशी बसली, एका बाजूला कलून, भिजून वाळलेल्या चामड्याच्या तुकड्यासारखी. त्या दिवशी त्यानं मिशीचा डोळा चुकवला. मिशी चार दिवस म्हणत होता, "माझी नजर अधू झालीय, का त्या कपाटात काहीतरी वेगळं दिसतंय?" आणि हा म्हणत होता, "दिव्यानं दिसतं तसं."

ती आली ती घरी न जाता, स्टेशनावरून सरळ तळघरात. पिशवी खांद्यालाच. मिस्त्री यंत्रापाशी होता. तिनं लांबूनच ओरडून सांगितलं, "मिस्त्री, इकडे ये, तुझ्यासमोर बघते!" आणि कपाटाला किल्ली लावली. ती किल्ली फिरल्याचा आवाज त्याला ऐकू आला. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. तो गेला तेव्हा ती बरणी दोन्ही हातांत धरून जमिनीवर बसली होती. रडत नव्हती. चिमट्यानं तिनं ती बाहेर काढली, तळव्यावर ठेवली. मागच्या पायाचं बोट ताणायला गेली तर कडकन मोडलं. पडदा नव्हताच. काळा धागा होता नुसता.

"गेला," ती म्हणाली. "पडदा गेला."

मिस्त्री म्हणाला, "यंत्र बंद पडलं होतं. गरमीनं..."

"हो. मिशीनं फोन केला होता." मग ती सांगायला लागली, त्याला नाही, त्या बेडकीला सांगावं तसं. की ही बेडकी नवी नव्हतीच. हिच्यासारखा एक बेडूक फार पूर्वी कुणीतरी पकडलेला, त्याला कधीच नाव दिलेलं, आणि तो तिकडे परदेशात एका बरणीत पडून होता, विसरलेला. तिला बरेच दिवस शंका होती. म्हणून उसने बेडूक मागवले, एकेक करून जुळवले, आणि शेवटी तो जुना जाऊन बघितला. त्याच्या मागच्या बोटांमधला पडदा एका विशिष्ट जागी कापल्यासारखा संपतो. कुठे बघायचं ते तिथं गेल्यावर कळलं. इथं येऊन हिचा तोच पडदा बघायचा होता, बस. जुळला असता तर झालं. "म्हणजे?" मिस्त्रीनं विचारलं. त्याचा आवाज त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला. "म्हणजे पहिलं नाव खरं. हिचं नाव बाद. माझं नाव गेलं असतं." आणि ती हसली. आत काहीतरी मोडलेलं असताना माणूस हसतो तसं. "आल्यावर सांगायची गोष्ट हीच होती. म्हटलं मिस्त्री खूप हसेल. बायको गेली होती स्वतःचं नाव पुसायला."

त्याच्या तोंडातून आलं, "माझ्यासाठी?"

तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. खरंच न कळल्यासारखं. "तुझ्यासाठी? नाही रे. चूक होती ती. चुकीचं नाव होतं." मग चिमटा बाजूला ठेवत म्हणाली, "त्यालाही कळवलं होतं मी, रीत म्हणून. दाढीला. पत्ता शोधून. त्यानं बेडूक सोडून जमाना झाला, आता मासे बघतो. त्यानं उलट विचारलं, कुठली बेडकी? आठवलीच नाही त्याला."

तळघरात यंत्र चालू होतं, मिस्त्रीनंच दुरुस्त केलेलं, झकास, एका सुरात. एवढ्या मोठ्या जगात त्या नावाची आठवण ठेवणारा एकच माणूस निघाला होता, आणि तो तिच्यासमोर हात लोंबते सोडून उभा होता. ज्यानं ठेवलं तो विसरला, जिचं ठेवलं ती पुसायला निघाली, आणि ह्यानं पुसायला जाऊन ते पक्कं केलं. त्यानं विचारलं, "दुसरं काही बघून नाही का होणार? हाडं? रक्त?" "स्पिरिटाआधी हिला फॉर्मालिनमध्ये मुरवलेली, त्यातून असलं काही निघत नाही. डोळ्यांनी बघायचं तेवढंच होतं. आणि दुसरी कुणाला सापडलेली नाही." ती उठली. "आता हे नाव राहणार. खोटं आहे हे मला ठाऊक आहे, पण सिद्ध कसं करू? राहणार. मी मेल्यावरही."

तिनं झाकण उचललं आणि आतलं रबर बघितलं. अंगठ्यानं दाबून बघितलं. रबर चांगलं होतं, मऊ, चिरलं नव्हतं. मग बरणीची कड बघितली. काच शाबूत. मग ती गप्प झाली. मिस्त्रीला त्या गप्प होण्याचा एकेक धागा दिसत होता. गरमीनं रबर सुटतं, काच तडकते, हे तिला ठाऊक होतं. गरमीनं झाकण फिरत नाही हेही ठाऊक होतं. बाकीच्या राजांची झाकणं शेजारीच होती, घट्ट, सगळे जागच्या जागी ओले. आणि शेवटची ही बरणी तिनं कुणाच्या हातात दिली होती, तेही. तिनं काही विचारलं नाही. तिनं विचारावं म्हणून त्याचा जीव तुटत होता. विचारलं असतं तर तो पाया पडला असता, मार खाल्ला असता, आक्काला बोलावलं असतं, काहीही केलं असतं. ती फक्त त्याच्या मनगटाकडे बघत होती.

"मिशी," तिनं हाक मारली, "नवीन स्पिरिट आण."

मिशी डबा घेऊन आला, तोंड सुतकी करून. "बाई, माझी नजर..." "तुझी काही चूक नाही." तिनं ती सुकलेली बेडकी परत बरणीत ठेवली, गळ्याशी चिठ्ठी नीट केली, लाल फीत सरळ केली. मिशी ओतायला वाकला तर म्हणाली, "तू नको. हे भरतील."

'हे'. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती त्याला पहिल्यांदा मिस्त्री म्हणाली नाही. मिशीलासुद्धा ते जाणवलं, तो डबा खाली ठेवून मागे सरला. मिस्त्रीनं डबा उचलला. हात कामाचा होता, सांडलं नाही. स्पिरिट बेडकीच्या पोटापर्यंत आलं, पाठीवरून गेलं, डोकं बुडालं. ती जराशी उचलली गेली, फिरली आणि त्याच्याकडे तोंड करून थांबली. त्यानं झाकण लावलं, फिरवलं. मनगट म्हणालं पुरे, त्यानं अजून फिरवलं.

आता दर महिन्याला तो ते कपाट उघडतो. किल्ली तिनं त्याच्याकडेच दिली आहे. दुधाच्या पिशवीशेजारी ओट्यावर ठेवून गेली. घरात सगळं चालतं, जेवण होतं, हसणंही होतं कधी कधी. ती त्याला हाक मारायची असली की जवळ येऊन सांगते, हाक मारत नाही. आणि तो तळघरात जातो, बरणी दिव्यासमोर धरतो, नखभर जरी उतरलं असलं तरी वरून घालतो. चिठ्ठीवरचं नाव रोज नव्यानं लिहिल्यासारखं काळं कुळकुळीत आहे. बरणी परत ठेवायच्या आधी तो झाकणाच्या कडेनं नाक नेतो आणि हुंगतो, कुठून काही सुटत तर नाही ना.